समासातल्या बायका

मुगभाटातल्या आमच्या वाचनालयात
फाटकी पुस्तकं माझ्या टेबलावर येतात.
खळीची वाटी, कात्री, जुन्या लुगड्याची पट्टी.
आज भागीरथीची पाळी.
पुठ्ठ्याची पाठ निखळलेली,
दाखल क्रमांक दोन हजार सातशे चौदा,
ऐतिहासिक, प्रेमप्रधान,
आणि समासभर बायकांची पेन्सिल.

पान अकरा. भुलेश्वराच्या देवळाबाहेर
ती त्रिंबकला पहिल्यांदा बघते
आणि मैत्रिणीला म्हणते,
उपरण्याला अत्तर लावणाऱ्याच्या घरी
दिव्याला तेल नसतं गं.
समासात: काय हा आगाऊपणा!
त्याखाली दुसरा हात, जरा तिरका:
ना रूप ना गुण, तोंड मात्र गावभर.

पान एकेचाळीस. चौपाटीवर शिग्राम थांबलेलं,
लेखकानं दीड पान नुसता समुद्र लिहिलाय,
चंद्रही काढलाय वेळेवर.
त्रिंबकचा गळा दाटतो, शब्द सापडत नाहीत,
आणि ही विचारते,
अमेरिकेतली लढाई उद्या थांबली
तर कापसाचं काय करणार तुम्ही?
समासात: श्शी!!
दुसऱ्या उद्गारचिन्हानं कागद फाटलाय.
तिथे मी पातळ चिकटपट्टी लावते.

मग लढाई थांबते. भाव कोसळतो.
त्यानं तिच्या वाक्या विकून शेअर घेतलेले असतात,
तिला न विचारता,
आणि तो उंबऱ्यावर बसून रडतो.
समासात: बिचारा.
आणखी एक बिचारा.
वाक्यांबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही.

पान सहासष्ट मात्र मी दोनदा वाचलं.
नथ सापडत नाही, भागीरथी
मोलकरणीला, सगुणीला, चोर ठरवते,
भर गल्लीत, तिच्या पोरासमोर.
चार दिवसांनी नथ तांदळाच्या डब्यात निघते.
भागीरथी तांदूळ सारखे करते,
झाकण लावते,
आणि गप्प.
सगुणी पुढे कादंबरीत कुठेच नाही.
इथे समास कोरा.
पन्नास वर्षं इतक्या जणींनी हे पुस्तक घरी नेलं,
रागावल्या, चरफडल्या,
आणि हे पान तसंच उलटलं.

शेवटून तिसऱ्या पानावर एक ओळ,
ळ ची शेपटी लांब ओढलेली:
असल्या बाईला नवरा मिळूच नये.
अक्षर माझं.
एकोणीस वर्षांची होते.
त्या वर्षी सहा जण मला पाहून गेले
आणि सहाही वेळा मी बेतानं बोलले.
सहाव्याच्या उपरण्याला नव्हे, रुमालाला अत्तर होतं.
मला वास आला होता.
मी काही म्हटलं नाही.

नियम असा, की पेन्सिल खोडून मगच पुस्तक कपाटात.
मी खोडरबर घेतला.
आगाऊपणा गेला, श्शी गेलं,
बिचारे दोघे जरा घासल्यावर गेले.
माझी ओळ गेली नाही.
दाबून लिहायची सवय होती तेव्हा,
अजून उजेडात तिरकं धरलं की दिसते.
मग नियम मोडून सहासष्टवर
मी बारीक अक्षरात लिहिलं:
सगुणीचं काय?

आवडते का मला भागीरथी?
नाही. तेव्हाही नव्हती.
शेजारी राहायला आली असती
तर मी दार लोटून घेतलं असतं,
आणि फटीतून ऐकत बसले असते.

खळ वाळायच्या आतच
पागनीसबाई आल्या, पिशवी काउंटरवर टेकवत.
काहीतरी जुन्या काळातलं द्या हो.
आणि नायिका जरा बरी बघा,
मागची फार चांगली होती, मेली बोलेचना.

म्हटलं, ही खडूस आहे.
सगळ्यांना नावं ठेवते,
चुकते, आणि माफी मागत नाही.

मग कशाला वाचायची?

मी तारखेचा शिक्का शाईवर टेकवला.
कापसाचं तिचं बरोबर होतं, म्हटलं.
आणि पाठ ओली आहे,
घरी गेल्यावर पाट्याखाली ठेवा रात्रभर.