रिकामी बाटली

नियम चौदा, पोटकलम ब:
रिकामी बाटलीही दारूच समजावी.

एप्रिल. डुलुथचं वसतिगृह, तिसरा मजला.
खिडकीबाहेर सरोवर, अजून अर्धं गोठलेलं.
मी तपासनीस, वय एकवीस,
गळ्यात किल्ल्यांचा जुडगा.

मारेनच्या टेबलावर हिरवी बाटली,
तिच्यात विलोची एक काटकी, मऊ कळ्यांची.
"बाबांची शेवटची," ती म्हणाली.
"सोडली, त्याला अकरा वर्षं झाली."

तक्त्यात रकाने तीनच:
प्रकार. प्रमाण. कोणासमक्ष ओतली.

मी लिहिलं: पाणी. पाऊण बाटली. माझ्यासमक्ष.
बेसिनमध्ये ते गुडगुडत गेलं
आणि कोण जाणे का,
दोघींना हसू फुटलं.

काटकी आता माझ्या कॉफीच्या मगात
पालवते आहे.
बाटली कुठे गेली
हे नोंदवहीत नाही.