पाठ क्रमांक सतरा

पाठ टाचणात सात रकाने असतात.
सहाव्यात उपयोजन, सातव्यात गृहपाठ.
मुलांनी मध्येच अडवलं तर काय,
हे लिहायला कुठंच जागा नसते.

सकाळी फैजपूरहून सावद्याला, काळी-पिवळीत,
मांडीवर गुंडाळलेला तक्ता, त्यात संख्यारेषा,
शून्याच्या डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी,
रात्री एकपर्यंत जागून रंगवलेली.
शेजारी केळी कापणाऱ्यांची टोळी,
चिकानं काळे पडलेले सदरे.
एकानं विचारलं, ताई, नकाशा का?
मी म्हटलं, हो,
जवळपास नकाशाच.

आठवी ब. पस्तीस मिनिटं.
मागच्या बाकावर लाल पेन घेऊन नेहेते सर,
त्यांच्या शेजारी माझी मैत्रीण शबाना तडवी,
कॉलेजनं दिलेल्या निरीक्षण तक्त्यात
माझे प्रश्न मोजत बसलेली.

प्रस्तावना झाली. हेतुकथन झालं.
खडू मोडला, दुसरा घेतला.
ऋण गुणिले ऋण बरोबर धन.
सगळ्यांनी म्हटलं. पुन्हा म्हटलं.
पाढ्यासारखं म्हटलं, म्हणजे झोपेत म्हटलं.

तेव्हा तिसऱ्या रांगेतून मयूरी फिरके
हात वर न करताच उभी राहिली:
"मॅडम, पण काहून?"

काहून.
बी.एस्सी.ला मी या प्रश्नाची सिद्धता लिहिली होती,
वितरणाचा नियम वापरून, चार ओळींत,
पूर्ण गुण.
त्या चार ओळी आठवी ब मध्ये
कुणाच्या ओळखीच्या नव्हत्या.

मी तक्त्याकडे बोट दाखवलं.
उलटं तोंड करा, म्हटलं, आणि उलटं चाला,
म्हणजे पुढंच जाल.
स्वतः चालून दाखवलं. टेबलाला अडखळले.
डस्टर पडलं. वर्ग हसला.
नेहेते सरांनी काहीतरी लिहिलं.

मयूरी हसली नाही. ती अजून उभीच होती.
"मॅडम, हे कटतीसारखं हाये का?
माह्या बापाच्या मालाले दर घडामागं
दोन किलो कटती लावली, दांड्याची.
चिठ्ठीत तीन घडांची कटती जास्तीची निंघाली.
मी चिठ्ठी घेऊन गेली काट्यावर.
मुनीमानं तिन्ही कटत्या खोडल्या.
मंग सहा किलो आमचे वाढले ना?"

मी फळ्याकडे वळले.
कटती, उणे दोन.
खोडल्या तीन, म्हणून उणे तीन.
आणि सहा लिहिताना
त्याच्याआधी अधिकचं चिन्ह काढलं,
जे एरवी कुणी काढत नाही.

"मुनीम मानला का पण?" मागून कुणीतरी.
"पयले नाई मानला," ती म्हणाली
आणि खाली बसली.

मग सगळेच बोलायला लागले.
कुणाच्या मामाची ट्रकची खेप,
कुणाची दुधाच्या डेअरीतली वही,
एक मुलगा उसनवारीचं सांगत होता
ते चुकीचं होतं, पण जवळ आलं होतं,
आणि त्याला सांगायच्या आत तास वाजला.
संकलन, उपयोजन, गृहपाठ
टाचणातच राहिले.

शेरा:
पायऱ्यांचा क्रम पाळला नाही. वेळेचे नियोजन कमी.
फलकलेखन उजवीकडे उतरते.
पंचवीसपैकी चौदा.
सही करता करता सरांनी हळूच विचारलं,
"कुठल्या काट्यावर म्हणाली हो ती?
आपलाही माल परवा निघतोय."

परतीच्या गाडीत शबानानं तक्ता दाखवला.
शिक्षकाचे प्रश्न: बावीस.
विद्यार्थ्यांचे प्रश्न: शून्य.
अगं, मी म्हटलं, आणि मयूरी?
"तिनं हात वर केला नव्हता," शबाना म्हणाली,
"सूचना वाच. हात वर केलेलेच मोजायचे."

मी तिच्याकडून पेन घेतलं,
ते शून्य खोडलं.
शून्य खोडून काही वाढत नाही,
हे मला माहीत आहे.
गाडी खड्ड्यातून गेली,
आणि रेघ जराशी
उजवीकडे उतरली.