काढण्याचा क्रम

घालायला काय, कुणीही घालतं,
एस्तेर सिस्टर म्हणायच्या. काढायला शिक.

मिरजेच्या त्या वॉर्डाच्या दाराशी
एक आरसा होता, पारा उडालेला,
आणि कडेला आमच्या टिकल्या,
ड्यूटीवर येताना काढून चिकटवलेल्या. काही
बदली होऊन गेलेल्यांच्या, तशाच राहिलेल्या.
बांगड्या डब्यात. केस टोपीत.
मास्क लावला की दोन्ही तळवे त्यावर ठेवून
जोरात श्वास सोडायचा.
डोळ्यांना झुळूक लागली तर नाकाची पट्टी पुन्हा दाब.
"वारा शोध," त्या म्हणायच्या, "वाऱ्याला लाज नसते."

काढताना मात्र
हातमोजे आधी, बाहेरची बाजू आत जाईल असे,
सावकाश. विंचू झटकायचा नाहीये,
उचलून ठेवायचाय.
मग गाऊन. मग हात. मग चष्मा. परत हात.
मास्क सगळ्यात शेवटी, दार ओलांडून,
फक्त मागच्या पट्ट्यांना धरून.
पहिल्या आठवड्यात मी मध्येच नाक खाजवलं
तर नवा जोड देऊन अकरा वेळा
घालायला-काढायला लावलं त्यांनी.
डब्यातली आमटी गार.

सात नंबरला दस्तगीरचाचा.
हयात तंबोरे करण्यात गेलेली,
आता छातीत औषधाला न जुमानणारा टीबी.
खिडकी उघडी ठेवायचा नियम, म्हणून
जानेवारीत कानाला मफलर
आणि रात्रभर उशाशी स्टेशनातली घोषणा.
म्हणायचे, सिस्टर, तुमचा आवाज
भोपळ्यातनं आल्यासारखा येतोय,
अन् भोपळा अजून वाळला नाही.

त्या रात्री काचेतून दिसलं,
चाचा वाकलेले, उशीवर रक्त.
मी उघड्या तोंडानं धावले.
एस्तेर सिस्टरनी मनगट धरलं,
नखं उमटली.
"आधी तू."
मास्क. वारा शोध. गाऊन, पाठीमागची गाठ.
काचेपलीकडे एक हात हवेत
काहीतरी धरायला बघत होता
आणि मी गाठ मारत होते.
चष्मा. मोजे.
एवढी लांब गाठ मी पुन्हा कधी मारली नाही.

वाचले चाचा. कुशीवर वळवलं, सुई लावली,
पहाटे रक्त थांबलं.
वाचले नसते तर
एस्तेर सिस्टरांशी पुन्हा बोलले असते का,
ठाऊक नाही.

मे महिन्यात ते घरी निघाले.
गेटपाशी रिक्षा थांबलेली, मुलगा पिशव्या भरतोय.
मी घरच्या साडीत, कपाळाला टिकली,
म्हटलं, चाचा, निघालात?
माझ्याकडे बघून नुसती मान हलवली,
रस्त्यात भेटलेल्या कुणाही बाईला हलवावी तशी.
आवाजही ओळखेनात.
मग मी तोंडावर तळवा गच्च दाबला आणि म्हटलं,
"चाचा, गोळ्या घेतल्या का?"

थांबले. हसू आलं, पाठोपाठ खोकला,
तो त्यांनी शिकवल्याप्रमाणे कोपरात खोकला.
"अगं, भोपळा!"

रिक्षा वळेपर्यंत हात हलवला.
मग नळावर गेले, साबण घेतला.
तोंडाला हात लागला होता.