दळणाच्या हिशोबानं

वसमतच्या बाजूनं एक पोरगी आली
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.
लाइट गेलेली, पट्टा थांबलेला,
म्हणून मी मोकळी.
म्हणाली, मावशी, गावाची लोकसंख्या किती असंल?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अकराशे बेचाळीस लिहिलंय.
तो रंग दिला तेव्हा माझा धाकटा रांगत होता,
आता त्याला मिशा फुटल्यात.
म्हटलं, बाई, मला माणसं मोजता येत नाहीत,
डबे मोजता येतात.

हा निळा पत्र्याचा, मुंजाजीचा.
महिन्याला आठ पायल्या यायच्या.
थोरला पुण्यात एटीएमच्या दाराशी बसतो,
धाकटा बोअरच्या गाडीवर, कर्नाटकात की कुठं.
आता तीन पायल्या,
त्यातली एक कुत्र्याच्या भाकरीची.

ही गोणी केवळाबाईची.
तिला वावर नाही, दुसऱ्याची हळद आहे:
काढायची, शिजवायची, वाळवायची.
तिनं मारलेली गाठ मी अंधारात ओळखत नाही,
उजेडात ओळखते. पिवळी असते.

मैनोद्दीन फवारणीचे पंप दुरुस्त करतो.
सोयाबीनवर अळी पडली की त्याला झोप नसते,
उरलेले आठ महिने ओट्यावर बसून
लोकांची छत्री, लोकांचा स्टोव्ह.
त्याचं दळण कधी वेळेवर, कधी उधार.

आणि दिगांबर.
घरात माणसं पाच, रेशमाच्या अळ्या वीस हजार.
अळ्या मोठ्या झाल्या की रात्रंदिवस तुतीचा पाला तोडतात सगळे,
चूल विसरतात.
त्या आठवड्यात डबा येत नाही,
म्हणून मी त्यांना गावातून कमी धरत नाही.

दिवाळी झाली की वरल्या आळीचे तेवीस डबे एकदम येतात.
रात्रभर गिरणी चालते, पहाटे पीठ ट्रकात चढतं,
पिठावर लेकरं, लेकरांवर ताडपत्री.
मग होळीपर्यंत त्या आळीतून
फक्त म्हाताऱ्यांचे डबे. तेही हलवून बघावे लागतात,
आत काही आहे का.

पोरीनं विचारलं, मग कायम रहिवासी किती लिहू?
मी म्हटलं, तू कुठल्या महिन्यात विचारतीस त्यावर आहे.

मग आमच्या घराचं निघालं.
मालकाचा व्यवसाय: गिरणीचालक.
मालक दोन वर्षांपासून कमरेनं बसलेत, वजनसुद्धा उचलत नाहीत.
माझ्या नावापुढं तिनं यादी उघडली
आणि गृहिणीवर बोट ठेवलं.
माझ्या भुवयांवर पीठ होतं.
दिसलं असंल.

एक गोष्ट तिनं विचारली नाही, तिच्या यादीत नव्हती.
एकाचं दळण झालं तरी
मूठभर पीठ दगडात राहतंच.
मागच्याचं पुढच्यात जातं:
केवळाबाईची जवारी शिवलिंगअप्पाच्या जवारीत,
अप्पाची मैनोद्दीनच्या.
सासऱ्यांच्या काळी केवळाबाईच्या आळीचं दळण
दिवस मावळल्यावर घेत,
आणि सकाळी आधी ओंजळभर कोंडा फिरवत.
मी दगडाजवळ बसले तेव्हापासून नंबर.
जो आधी येईल त्याचं आधी.
अप्पा महिनाभर आले नाहीत.
मग आले.
चौदा किलोमीटर डबा कोण वाहणार,
आणि सुनेला विकतच्या पिठाची भाकरी थापता येईना.
त्या दिवशी काही न बोलता डबा ठेवला,
केवळाबाईच्या गोणीमागं.
हे मी पोरीला सांगणार होते,

तेवढ्यात लाइट आली.
पट्टा सुटला, पत्रे थरथरायला लागले.
ती दारातून ओरडून काहीतरी विचारत होती,
ऐकू येईना.
मला वाटलं, दर विचारती.
पाच बोटं दाखवली.

तिनं मान हलवली,
कुठल्याशा रकान्यात पाच लिहून घेतले
आणि पुढच्या दाराकडं गेली.