दोन खडे

लीविकाने काचेच्या बशीत दोन खडे ठेवले,
एक पुदिन्याच्या सताचा, एक ओव्याच्या.
"हात नका लावू," ती अर्सेनीला म्हणाली,
"नुसतं बघा."

अर्सेनी बघत राहिला.
एकतीस वर्षं पंप सांभाळलेला माणूस,
बघत राहण्याचाच पगार घेतलेला :
काटा बघायचा, नळी बघायची,
राखेच्या डोंगरामागून उजाडतंय का तेही.

खडे टेकले,
आणि टेकले तिथे ओले झाले.
जाळ नाही, कुणी ढवळलं नाही.
एकेकटे असते तर वितळायला
तापातल्या अंगाहून जास्त ऊब लागली असती.
शेजार मिळाला आणि दोघांचं तेल झालं,
बशीच्या मधोमध, थेंबभर.

"लग्नासारखं," अर्सेनी म्हणाला.
"तुमचं झालंय?"
"दोनदा. म्हणून तर म्हणतोय."

बाहेर हौदात काळ्या चहासारखं पाणी.
एस्टोनियाच्या या कोपऱ्यात दगड जळतो;
दगड भाजून तेल काढतात,
आणि तेलामागे हे उरतं, फिनॉल मुरलेलं.
अर्सेनी लहान होता तेव्हा ते सरळ नदीत जाई.
आई मासा तळायला घ्यायची
आणि घरभर इस्पितळ पसरायचं.
पुढे नोकरीच्या सहाव्या वर्षी त्याचं नाक गेलं.
कुणी नोंद केली नाही. त्यानेही नाही.
"बरंच झालं," तो सांगतो,
"वास येत असता तर टिकलो नसतो."

आधीचा द्रावक तापट होता.
त्याच्या टाकीपाशी सिगारेट तर सोडाच,
नाल ठोकलेले बूटही चालत नसत.
हा नवा, लीविकाचा, साधा दिसतो.
चोवीस लिटर, दुधाच्या कॅनमध्ये.

पहिल्या रात्री स्तंभात नुसतं ताक झालं.
पाणी आणि तेल असे एकमेकांत शिरले
की पहाटेपर्यंत लोणी येईना.
लीविका वहीत लिहीत राहिली, खोडत राहिली.
दुसऱ्या रात्री, उणे एकोणीस असताना,
अर्सेनीने पंपाला कान लावला.
"घाई करतोय हा," म्हणाला,
आणि चाक पाव वळसा मागे घेतलं.
ते कुठल्या पुस्तकात नव्हतं.

चार वाजता वर पिवळं तेल,
खाली पाणी, ज्यातून पलीकडचा दिवा दिसला.

लीविकाने आकडा दोनदा वाचला.
हजारातले चाळीस उरले होते.

"बाकीचं कुठे गेलं?"
"पुदिन्यात."
"आणि पुदिन्यातून?"
"निर्वात भांड्यात तापवायचं. फिनॉल पिंपात,
तेल परत स्तंभात."
"आणि पिंप?"
"प्लायवूडवाले घेतील, डिंकासाठी."
"नाही घेतलं तर?"
तिने टोपण उघडलं, बंद केलं.
"तर पिंप आपल्याचकडे, अर्सेनी इग्नात्येविच."
मग वहीत आणखी एक ओळ लिहिली :
थोडा पुदिनाही पाण्यातून निसटला. मोजायचा.

तेवढ्यात तो बशीवर वाकला,
जसं विहिरीत वाकून बघतात.
वास नाही.
एकतीस वजा सहा, पंचवीस वर्षांची तीच सपाट भिंत.
पण नाकाच्या मुळाशी, आत कुठेतरी,
काहीतरी गार सरकत गेलं,
बर्फावरून येणाऱ्या वाऱ्याच्या बारीक रेघेसारखं.
तो पुन्हा वाकला. पुन्हा.

घरी रुफिनाने दार उघडताच म्हटलं,
"पहाटे पहाटे दात घासून आलास कुणाकडे?"
त्याने बाही तिच्यापुढे धरली.
"सांग ना, कसा येतो?"
तिने हुंगलं, विचार केला, सांगता येईना.
"मला गार लागतं," तो म्हणाला,
आणि दोन भुवयांच्या मध्ये बोट ठेवून दाखवलं,
"इथे."

कोट त्या दिवशी त्याने धुवायला टाकला नाही.