हलू नका

पहिली पाटी घासली तेव्हा मी नऊ वर्षांची होते.
हरणाच्या कातड्याने, तांबडी भुकटी लावून,
चांदीत माझंच नाक लख्ख दिसेपर्यंत.
"आता ते नाक विसर," इसिदोरमामा म्हणायचा,
"गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाईक म्हणजे आँजेचा कुणी नोटरी,
स्लेटच्या खाणीवरचा मुकादम,
दोरखंडवाल्याची बायको, उसनी लेस गळ्याशी.
मानेमागे लोखंडी चिमटा, वर काचेचं छत,
आणि मामाचा एकच मंत्र.
एकदा मुकादमाच्या गालावरून माशी चालत गेली,
सबंध वीस आकडे होईस्तोवर.
तो हलला नाही. चित्रात माशी नाही.
सुरुंगांची सवय, म्हणाला.

हसू नका असं कुणाला सांगावं लागत नसे.
वीस आकडे पुरेल एवढं हसू
कुणापाशीच नव्हतं.

मग अंधाऱ्या खोलीत पारा तापायचा.
वाफेतून आधी कॉलर यायची, मग कपाळ,
डोळे सगळ्यांत शेवटी,
येऊ की नको, असं विचारत.

सर्वांत निमूट बसत ती मेलेली मुलं.
त्यांना चिमटा लागत नसे.
तरी मामा म्हणायचाच, हलू नका,
अगदी हळू,
आणि त्यांच्या आया भिंतीशी श्वास धरून.

पैसे बुडवून गेलेल्यांच्या पाट्या
परत माझ्याकडे यायच्या. चांदी महाग.
दोन भाऊ, एक वकील,
लग्न मोडलेली एक मुलगी
मी या हातांनी पुसून काढली.
तिच्या जागी मग धान्याचा व्यापारी बसला.
पाटी तिरकी धरली की त्याच्या खांद्यावर
तिची वेणी दिसते, असं मला वाटायचं.
त्याला मी बोलले नाही.

चौदा वर्षांत पाऱ्याने मामाचे दात नेले.
मग हात. चमचा सूप घेऊन निघायचा
आणि रिकामा पोचायचा.
तेवढ्यात पलीकडच्या गल्लीत कागदाचे फोटो आले,
डझनावारी, अंड्यांसारखे.
नोटरी तिकडे गेला. बायकोलाही घेऊन गेला.

शेवटची पाटी मी मामासाठीच घासली.
तो खुर्चीत, चिमटा मानेमागे,
कॅमेऱ्याशी मी.
हलू नकोस, एवढं म्हणायला तोंड उघडेना.
नुसते आकडे मोजले.

मांडीवर हातांच्या जागी धूर आलाय,
चुलीवरून आत्ताच काही उतरवल्यासारखा.
चेहरा बरा आहे. नाक आमचंच.
पैसे त्याने दिलेले नाहीत.
तरी ती पाटी मी अजून
घासायला घेतलेली नाही.