अर्धविराम आला, येऊ दे

रात्रीचे पावणेदोन. मानेवाड्यात कूलरची खस सुकलेली,
मोटर नुसती गरम हवा ढकलते आहे.
पडद्यावर एकच तक्रार:
ओळ एक्केचाळीस. इथे अर्धविराम अपेक्षित नव्हता.

स्क्रिप्ट खोब्रागडे मॅडमची.
पाणीपुरवठ्याच्या कचेरीत एकोणीस वर्षं
रोज पहाटे चारला आपसूक उठून
ती एकेका टाकीची पातळी वाचत गेली.
मग मॅडम निवृत्त झाल्या, सर्व्हर बदलला,
नवा शेल आला,
आणि त्याचा पार्सर माझा.

मॅडमनी लिहिलंय:
फॉर, मग टाकीचं नाव, मग अर्धविराम, मग डू.
माझ्या व्याकरणात नावामागून थेट डू,
नाहीतर इन आणि यादी.
मधे हा कोण, टिंबाखाली शेपूट सोडून उभा?

खोडला की काम संपलं. एक अक्षरसुद्धा नाही तो.
पण भंडाऱ्यात, उमरेडला, कुठल्या कपाटामागच्या धुळीत
अशा किती स्क्रिप्टा चारला उठत असतील,
ज्यांचे लिहिणारे आता फोन उचलत नाहीत.

म्हणून पार्सरलाच समजावते:
नाव वाचलंस ना, आता जरा दम धर.
अर्धविराम आला, येऊ दे.
नवी ओळ आली, येऊ दे.
डू येईपर्यंत दार लावू नकोस.

चारशे बारा चाचण्या हिरव्या. एक लाल.
कुणा खोडसाळानं, म्हणजे मीच, मार्चमध्ये,
यादीतच डू आणि डन ठेवलेत,
टोपलीत संत्री ठेवावीत तसे.
घाईत मी यादीलाही ढील दिली होती;
पार्सरनं टोपलीतल्या डूला हुकूम समजून घरात घेतलं.

शब्द तोच.
इनच्या पुढे नुसता शब्द,
अर्धविरामाच्या पुढे हुकूम.
आधी विचारावं लागतं, बाबा, तू उभा कुठे आहेस?

पुण्यात पहिल्या नोकरीत मी म्हटलं होतं,
'बाबा येऊन राहिले.'
निशिगंधानं विचारलं, 'कुठे राहिले?'
सगळे हसले. मीही हसले.
नंतर तीन वर्षं 'येत आहेत' म्हणत गेले,
तोंडाशी आलेलं एकेक राह्यलं खोडत,
दुसऱ्यांच्या पार्सरला त्रास नको म्हणून.

साडेतीनला एक खूण रोवली,
आपण यादीत आहोत की दाराशी, एवढंच सांगणारी.
चारशे तेरा हिरव्या.
शेजारी टीप लिहिली: चूक नाही. जुनी बोली आहे.

चारला स्क्रिप्ट उठली.
नारा. वांजरी. कळमना.
आकडा उतरवून डनपाशी जायची, पुन्हा वर यायची,
जशी काही मधे निजलीच नव्हती.

साडेसहाला मॅडमचाच फोन.
'काय वं पोरी, चालून राह्यलं का माह्यं?'
मी कूलरमध्ये बादली ओतत होते.
'चालून राह्यलं, मॅडम,' म्हटलं,
आणि काही खोडलं नाही.